दोराचे जागी हंडा

श्रीघाटोबा प्रसन्न. उंचावरोन निघालेल्यास सुखरूप तळास पोचविणारी जी आई हिमाई, तिचे पायी डोई ठेवोन ही हकीकत लिहावयास घेतली. शके एकोणीसशे वीस, बहुधान्य नाम संवत्सर, पौष मास, शुद्ध पक्ष, ते समयी आमचे राज्यी काय वर्तमान जाहले ते जैसे पाहिले तैसे लिहितो. जैसे पाहिले म्हणजे अभिमान धरोन पाहिले, हे आधीच सांगोन ठेवितो. ज्यास निरभिमानी हकीकत पाहिजे त्याने चक्रवर्तींचे दरबारी जावे, तेथे तैसे लिहिणारे पुष्कळ आहेत आणि पगारी आहेत.

आमचे राज्य ते केवढे, तर एक डोंगर, डोंगराचे पायथ्यास एक वस्ती, आणि वस्तीपासोन माथ्यापर्यंत तारेवर फिरणारे पाळणे, ज्यांस पाहुणे लोक लिफ्ट म्हणतात. कार्तिक सरला की डोंगर पांढरा शुभ्र होतो तो फाल्गुनापर्यंत. पाळण्यात बसोन माथ्यास जावे आणि पायांस फळ्या बांधोन बर्फावरोन घसरत खाली यावे, हाच येथील खेळ, हाच उद्योग, आणि पाहुणे येतात तेही याचसाठी. ऐसे डोंगर चक्रवर्तींचे मुलखात बहुत आहेत, आमचेहून थोर आहेत, ते कबूल. परंतु तेथे दोन्ही बाजूंस दोर लावोन मधोन एक राजमार्ग आखिलेला, दोराबाहेर पाऊल पडले की शिपाई शिटी वाजवितो, आणि फळ्या दोनच, मापाच्या, मोहोर केलेल्या. दुसरे काही वाहन आणिले तर दारातच जप्त. आमचे डोंगरी दोर नाही. राजमार्ग आहे, ज्यास तो आवडे त्याने त्यावरोन यावे, आणि ज्यास आडरानातोन, देवदारांचे मधोन, ताज्या बर्फात आपली वाट आपण पाडीत यावयाचे त्याने तैसे यावे, कोणी विचारीत नाही. आणि वाहनांचे काय सांगावे! आमचे सटवोजी नाईक, ज्या वयात इतर लोक शेगडीपाशी बसोन खोकतात त्या वयात, लग्नातली पितळी परात घेवोन माथ्यास जात आणि तीत मांडी घालोन गरगर फिरत खाली येत, आणि खाली आल्यावर मिशीस पीळ देत. कोणी सायकलीची चाके काढोन तेथे फळ्या बसविल्या. शेवंता आणि बकुळा या दोघी जावांनी खाटेचे खुरांस फळ्या ठोकिल्या आणि खाटेवर बसोन, भांडत भांडत, परंतु कधी न पडता, उतरत. धोंडजी सुताराने घराचे पुढील दार बिजागरीपासोन काढिले, त्यावर पालथे निजोन येई, मग संध्याकाळी तेच दार परत लावी. खासा दर्याबाईसाहेब, आमच्या राज्याच्या धनीण, भाकरीचे काठवटीत बसोन उतरत, आणि त्यांची स्वारी देवदारांतोन सुटली म्हणजे फांद्यांवरील बर्फ सलामीस खाली पडे. या हकीकतीचा लिहिणारा पाटावर बसोन येतो. नुसता पाट, चांदीच्या फुल्यांचा.

आता कोणी म्हणेल, ही तर अंदाधुंदी जाहली. ती नव्हे. आमचे राज्यी कायदा एकच, परंतु तो पोटाचा. पायथ्याशी, पाळण्यांचे दारी, गोजाई म्हणोन बाई बसे. तीजपाशी मोठा तांब्याचा हंडा. जो कोणी वर जाई त्याने तीस "येतो" म्हणावे, आणि तिने त्याचे नावाने मूठभर तांदूळ हंड्यात टाकावे. खाली आल्यावर त्याने "आलो" म्हणावे. संध्याकाळी हंडा चुलीवर चढे आणि भात शिजे, परंतु ज्यांचे ज्यांचे तांदूळ आत आहेत त्या सगळ्यांचे "आलो" कानी पडल्याशिवाय गोजाई झाकण काढीत नसे. एक जण मागे राहिला तर सारी वस्ती उपाशी, धनीण उपाशी, पाहुणे उपाशी. मग उपाशी वस्ती काय करिते? मशाली घेते आणि वर जाते. एखादा तरणा गडी उत्साहात "जातो गं गोजाई" म्हणाला तर ती पाळणा धरोन ठेवी आणि म्हणे, "जातो काय म्हणतोस रं मुडद्या? येतो म्हण. न्हाईतर उतर खाली." आणि तो उतरत नसे, येतो म्हणे. या कायद्याखाली आमचा एकही माणूस डोंगराने ठेवोन घेतला नाही, हे मी छातीवर हात ठेवोन लिहितो.

ऐसे सुखात असता बातमी आली की चक्रवर्तींचे दोरअमीन केसोपंत फर्मान घेवोन येतात. फर्मान ऐसे की, मुलखातील सर्व डोंगरांस दोर लावावा, दोराबाहेर कोणी जावो नये, मोहोरेच्या फळ्यांवाचोन इतर वाहन दिसेल ते मोडावे, आणि धनी हे न मानील तर त्याचे पाळणे बंद करावे. पाळणे बंद म्हणजे वस्ती बंद. घरास कुलूप लावोन खाली मैदानात चाकरी शोधावी, दुसरे काय? बाईसाहेबांचे मुखावरील रंग गेला. आणि मग त्यांजकडोन, एवढ्या शहाण्या असोन, एक चूक जाहली, जी आमचे लोकच करू जाणोत. आम्ही आपसांत असलो म्हणजे शेर, आणि दरबारी पाहुणा आला की आम्हास आमचीच लाज वाटो लागते. बाईसाहेबांनी आज्ञा केली, "पंत दरबारचे माणूस. परातीत बसलेली रयत पाहिली तर हसतील, आणि हसले म्हणजे दोर लागलाच समजा. सगळी अवजारे गवताचे कोठारात टाका. पंत आहेत तोवर सर्वांनी मोहोरेच्या फळ्या बांधोन, राजमार्गावरोन, शिस्तीने यावे." सटवोजी नाईक बोलिले, "बाईसाहेब, म्या जल्मात फळी बांधली न्हाई." त्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "नाईक, दोन दिवस कळ काढा." मग परात गेली, खाट गेली, दार गेले आणि धोंडजीचे घरात वारा शिरला, काठवट गेली, आणि माझा पाटही गेला. गोजाई तेवढी बोलिली, "हंडा ठिवू का त्यो बी लपवू?" परंतु तिजकडे कोणी लक्ष दिले नाही.

पंत आले. उंच, शेलाटे, काळा अंगरखा, आणि फळ्या ऐशा की आरशाची गरज नाही. दुसरे दिवशी आमची सगळी सेना परक्या फळ्या बांधोन माथ्यावरोन निघाली, आणि जी दाणादाण उडाली ती लिहिताना आजही कान गरम होतात. धोंडजी शेवंतावर गेला, शेवंता बकुळेवर गेली, सायकलवाले कुंपणात गेले, नाईक तर निघण्यापूर्वीच बसले ते बसलेच, आणि बाईसाहेब राजमार्गाचे मधोमध पडल्या तेव्हा पंतांनी स्वतः पुढे होवोन, हात देवोन उठविले, अंगरख्याचे टोकाने त्यांचे खांद्यावरील बर्फ झाडिले, आणि हसले नाहीत. हसले असते तर बरे होते. ते हळूच म्हणाले, "बाईसाहेब, आपली माणसे सरळ मार्गावर उभी राहत नाहीत, आणि आपण त्यांस आडरानात मोकळी सोडिता? माझा धाकटा भाऊ ऐसाच बिनदोराचे डोंगरी गेला. तीन दिवस आम्ही हाका मारिल्या. तो सापडला नाही. आपण मजवर रागवा, परंतु दोर लागणार." माणूस वाईट असता तर भांडता आले असते. आणि मग त्याच दुपारी पंतांचे लोकांनी मेखा ठोकिल्या आणि माथ्यापासोन तळापर्यंत तांबडा दोर लाविला, आणि तो पांढऱ्या डोंगरावर ऐसा दिसे की पाहवेना.

तिसरे दिवशी दुपारी पंत एकटेच दोराची तपासणी करावयास निघाले. पाळण्याचे दारी गोजाई बसली होती. म्हणाली, "पंत, येतो म्हणा." पंत बोलिले, "बाई, आम्हांस दोर आहे. पुसोन जाण्याची आमचेकडे रीत नाही," आणि पाळण्यात बसोन गेले. गोजाईने पाळणा धरिला नाही, कारण आता हुकूम त्यांचा होता. परंतु पाठमोऱ्या पंतांकडे पाहोन ती मोठ्याने म्हणाली, "येतो म्हणत्यात हो पंत," आणि एक मूठ तांदूळ हंड्यात टाकिले. हे मी शेजारी बसोन पाहिले, आणि खरे सांगतो, मला त्या वेळी तिचा राग आला. म्हटले, ज्याने आपला डोंगर बांधिला त्यास आपला भात कशास?

थोडे वेळाने माथ्यावर धुके उतरले, आणि वारा सुटला तो नेहमीचा नव्हे, माजलेला. आमचे कडचे लोक ऐशा वाऱ्याने काय होते ते जाणतात: माथ्याचे पूर्वेस कड्याबाहेर छपरासारखी झुकलेली बर्फाची मोठी पागोळी साचते, वाऱ्याने ती तुटते, आणि तिजखाली भुताची घळ म्हणोन खोल जागा आहे तेथे जावोन पडते. पंतांचे लोकांनी माथ्यावरील मेखा ठोकिल्या त्या त्याच पागोळीवर. पागोळी तुटली, मेखा गेल्या, दोर मात्र तुटला नाही, तो कड्यावरोन घळीत लोंबत राहिला. आणि पंत, धुक्यात हातभर दिसेना म्हणोन, आपल्याच दोरास हात लावोन, मोठ्या विश्वासाने, एक एक पाऊल दोरामागोन चालत गेले. संध्याकाळ जाहली. हंडा शिजला, वास सुटला, लोक पाने घेवोन बसले, आणि गोजाई झाकण काढीना. पंतांचे शिपाई हसोन म्हणाले, "अहो वाढा, पंत येतील. त्यांस दोर आहे." गोजाई म्हणाली, "दोर जेवत न्हाई. माणूस जेवतंय. त्येचं तांदूळ आत हायेत." कोणी तरी मागोन बोलिले, "त्याने येतो म्हटलेच नाही, मग कायदा लागत नाही." तेव्हा दर्याबाईसाहेब उठल्या. मी त्यांस कितीएकदा पाहिले आहे, परंतु तैसे ते एकदाच. म्हणाल्या, "दोन दिवस मी लाजले, तेवढे पुरे. कोठार उघडा!"

मग काय विचारता! गवत उडाले, आणि जो तो आपापले वाहन काखेस मारोन पाळण्यांकडे धावला, आणि प्रत्येकाने गोजाईस ओरडोन "येतो" म्हटले, आणि तिने झाकण जरासे सरकवोन फटीतोन मुठींवर मुठी टाकिल्या, त्या कच्च्या तांदळाने शिजलेल्या भाताचे काय जाहले ते विचारू नये. माथ्यावर धुके ऐसे की आपल्याच हातातील मशाल दिसेना. परंतु ज्यांनी आयुष्यभर डोंगराची आडराने पालथी घातिली त्यांस डोळ्यांचे काय काम? पायाखालचे बर्फ कुरकुरले की देवदार जवळ, दबले की घळ जवळ, हे आमची माणसे पोटाखालोन ओळखितात. सटवोजी नाईक परातीत बसोन पूर्वेकडे उतरले, कडा आला तैसे थांबले, परात हाती घेवोन तीवर दांडक्याने ठोका दिला. ती परात नाईकांचे वरातीत वाजली नसेल ऐशी वाजली. ठोका, मग थांबावे, कान द्यावा, मग ठोका. आणि खालोन, फार खालोन, एक बारीक ओ आली. आमचे लोक आडवाटेने घळीत उतरले, तो पंत छातीपर्यंत भुसभुशीत बर्फात रुतले होते, फळ्या मोडल्या होत्या, आणि दोराचे टोक अद्याप मुठीत होते. जो जवळ जाई तोच रुते. तेव्हा धोंडजी सुताराने आपले दार बर्फावर आडवे सारिले, त्यावर पालथा निजला, सरपटत गेला, आणि पंतांचे काखेत हात घालोन बोलिला, "पंत, ह्ये माझ्या घराचं दार हाय. आत या." मग बाईसाहेबांनी कड्यावरील तांबडा दोर कापविला, त्याने खाट बांधिली, खाट घळीत सोडिली, पंतांस दारावरोन खाटेवर घेतिले, आणि सगळ्यांनी मिळोन ओढिले. तो दोर बळकट होता, त्याची निंदा मी करीत नाही. त्यास योग्य काम त्याच दिवशी मिळाले. मग शेवंता पुढे, बकुळा मागे, मधे दोरअमीन निजलेले, ऐशी ती खाट देवदारांतोन, आडरानातोन, सगळ्या सेनेसहित खाली आली, पुढे नाईकांची परात वाजत, बाजूस काठवटीतोन खासा स्वारी, आणि पाटावर मी. आमचे राज्यात तैसी वरात पूर्वी निघाली नव्हती.

तळास आल्यावर एकेकाने "आलो" म्हटले, कोणी "आले" म्हटले, आणि शेवटी पंत राहिले. सगळे भुकेले, सगळे उभे. पंतांस घोंगडीत गुंडाळिले होते, ओठ निळे, परंतु माणूस हिशेबी. म्हणाले, "आम्ही येतो म्हटलेच नव्हते. आता आलो कोणत्या तोंडाने म्हणावे?" गोजाई बोलिली, "तुमचं येतो म्या म्हणलं व्हतं. आलो मातुर तुमचं तुम्ही म्हणा. पोरं उपाशी हायेत." पंतांनी हंड्याकडे बोट केले. मग त्यांनी विचारिले, "बाई, माझे भावाचे डोंगरी ऐसे कोणी बसले असते तर?" गोजाईने पदराने त्यांचे तोंडावरील बर्फ पुसले. तेव्हा पंत "आलो" म्हणाले आणि लहान लेकरासारखे रडले, आणि झाकण निघाले. अर्धा कच्चा अर्धा गिचका ऐसा तो भात, परंतु पंतांनी दोनदा मागोन घेतिला.

दुसरे दिवशी पंतांनी आपले हाते तह लिहिला आणि चक्रवर्तींची मोहोर केली. तह ऐसा: या डोंगरी दोर नसावा, दोराचे जागी हंडा असावा, ज्यास ज्यावर बसोन घसरवेल त्याने त्यावर बसोन घसरावे, आणि जो येतो म्हणणार नाही त्यास, मग तो दरबारचा का असेना, पाळणा मिळो नये. हे शेवटचे कलम बाईसाहेबांनी घालावयास लाविले. आणि मग बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, हे तुम्हास बाधेल. चक्रवर्ती अधिकाराची वस्त्रे काढोन घेतील." पंत म्हणाले, "वस्त्रे त्यांनीच दिली, घेतील तर तेच घेतील. मोहोर एकदा उठली ती मोडता येत नाही, हा त्यांचाच कायदा आहे." आणि कूच करावयाचे वेळी सारी वस्ती वेशीवर उभी होती, पंत काय म्हणतात ते ऐकावयास. पंतांनी जोडे घातिले, पागोटे सावरिले, चार पावले गेले, मागे वळोन गोजाईकडे पाहिले आणि स्वच्छ म्हणाले, "येतो."

आता मोठा पेच पडला. पंत येतो म्हणोन गेले, गोजाईने सवयीने मूठ काढिली, तर कायद्याप्रमाणे पंत परत येईतो वस्तीने जेवू नये! शास्त्री बसले, वाद जाहले, आणि शेवटी गोजाईनेच निकाल दिला: एक मडके वेगळे करावे, रोजची एक मूठ पंतांचे नावाने त्यात कच्चीच ठेवावी, बाकी हंडा उघडावा. तैसे चालिले. दरबारातोन बातमी आली की पंतांची वस्त्रे गेली, मोहोर गेली, अंगणात कोणी उभे करीना. आम्हास वाईट वाटले. आमचे डोंगराची किंमत त्यांनी दिली होती. तह मात्र राहिला, दुसरा दोरअमीन आला नाही. एक हिवाळा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मडके भरले, दुसरे घेतिले. कोणी गोजाईस म्हणाले, आता पुरे, तर ती म्हणे, "येतो म्हणालाय त्यो."

शके एकोणीसशे चोवीस, चित्रभानु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. संध्याकाळचे सुमारास देवदारांतोन, जेथोन कोणी उतरेल ऐसे वाटत नव्हते तेथोन, एक स्वारी आली. पंत होते. केस पांढरे, अंगावर साधी बंडी, आणि खाली दरबारातील बैठकीचा चौरंग, ज्यावर बसोन त्यांनी मुलखाचे डोंगर बांधिले होते. तेवढाच त्यांजपाशी राहिला होता. पलीकडील खिंडीतोन चढोन, डोंगर उतरोन आले. दोनदा पडले असावे, कपाळास खोक होती. पाळण्यांचे दाराशी थांबले, उठले, चौरंग काखेस मारिला, आणि म्हणाले, "गोजाई, आलो."

गोजाईने त्यांजकडे पाहिले नाही. ती उठोन आत गेली, मडकी घेवोन आली, आणि चार हिवाळ्यांचे तांदूळ हंड्यात ओतू लागली. म्हणाली, "लई येळ लावलात. बसा तिथं. जुना तांदूळ हाय, चांगला फुलंल."

त्या रात्री सारी वस्ती तोच भात जेवली. येणेप्रमाणे दोराची हकीकत. राज्य लहान, डोंगर एक, धनीण काठवटीत बसणारी, आणि तरी या डोंगरास दोर टिकला नाही. जो गेला तो परत आला, आणि जो आमचा नव्हता तोही आमचा होवोन परत आला. यापरता पराक्रम इतर राज्यांनी केला असल्यास त्यांनी लिहावा. लिहिणाराचे काम येथे संपले. बाहेर ताजे बर्फ पडिले आहे आणि पाट वाट पाहात आहे. गोजाई, येतो.